टस्कीगीचा इतिहास अर्धा सांगू नका

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने नव्या रंगरुटांच्या अभ्यासक्रमातून काही चित्रफिती काढून टाकल्या. टेक्सासमधल्या लॅकलंड तळावर भरती झालेल्या मुलामुलींना त्या दाखवल्या जात. त्यांत टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांची माहिती होती आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं चालवणाऱ्या स्त्रियांचीही. नव्या राष्ट्राध्यक्षांनी विविधतेचे कार्यक्रम बंद करण्याचा हुकूम काढला होता आणि हवाई दलाने तो या धड्यालाही लावला. देशभर ओरड झाली आणि काही दिवसांतच धडा परत आला.

आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र ती झोंबली. मी भारतीय वायुदलात एअरफ्रेम फिटर होतो. बेळगावजवळच्या सांबऱ्याला रंगरूट म्हणून परेड केली, पुढे हकीमपेटला किरण विमानांवर काम केलं. नोकरीचा मोठा काळ प्रशिक्षण तळांवरच गेला. पहिल्या सोलोच्या दिवशी पोरगा एकटा विमान घेऊन वर गेला की ते परत उतरून लाइनवर येईपर्यंत आम्ही फिटर लोक जागचे हलायचो नाही. मुलगी अटलांटाला असते. तिच्याकडे गेलो असताना टस्कीगीचा तळ पाहिला आणि तेव्हापासून त्याबद्दल हाती लागेल ते वाचतो आहे.

वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे. या तळाच्या इतिहासाला दोन्हीकडून कात्री लागते. काही लोकांना तो सांगायचाच नसतो. आणि ज्यांचं टस्कीगीवर मनापासून प्रेम आहे, ते लाल शेपटीची लढाऊ विमानं, हिटलरची जेट पाडणारे वीर, सिनेमा, काँग्रेसने दिलेलं सुवर्णपदक एवढंच सांगतात. जमिनीवरची माणसं, तिथला अपमान, तिथले वाद आणि नंतरची वर्षं वगळली जातात. पहिल्या कात्रीचा राग सगळ्यांना येतो. दुसऱ्या कात्रीकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितो आहे.

टस्कीगी हे अलाबामातलं लहान गाव. कापसाचा आणि एके काळी गुलामांचा मुलूख. गुलाम म्हणून जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये इथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा काढली. विद्यार्थी विटा भाजायचे, इमारती बांधायचे, सुतारकी-लोहारकी शिकायचे. हाताने काम करणाऱ्याची शाळा म्हणून तिचं नाव झालं. १९३९ मध्ये अमेरिकी सरकारने महाविद्यालयांतून नागरी वैमानिक तयार करण्याची योजना आणली, तेव्हा टस्कीगी इन्स्टिट्यूट त्यात शिरली. लष्कराच्या हवाई दलात त्या वेळी एकही कृष्णवर्णीय वैमानिक नव्हता. १९२५ मध्ये लष्कराच्या वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला होता. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने कमी आणि धैर्याने कच्चा असतो, असं त्यात शास्त्राचा आव आणून लिहिलं होतं. बेंजामिन डेव्हिस (धाकटे) हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १९३६ मध्ये २७६ जणांत पस्तिसाव्या क्रमांकाने बाहेर पडले. चार वर्षं वर्गातल्या कुणी कामापलीकडे त्यांच्याशी एक शब्द बोललं नव्हतं. त्यांनी हवाई दलात जाण्याची परवानगी मागितली, तर उत्तर आलं की कृष्णवर्णीयांची तुकडीच नाही, मग तुम्हाला कुठे घालणार?

इन्स्टिट्यूटने विमान शिकवायला बोलावलेला माणूस होता चार्ल्स अल्फ्रेड अँडरसन. सगळे त्याला ‘चीफ’ म्हणत. तरुणपणी त्याला कुठलीही शाळा विमान शिकवायला तयार नव्हती. त्याने नातेवाइकांकडून, मित्रांकडून पैसे उभे केले, एक जुनं विमान विकत घेतलं आणि बरंचसं स्वतःच शिकला. पुढचे धडे जर्मनीहून आलेल्या एका जुन्या वैमानिकाने दिले. १९३२ मध्ये त्याला व्यावसायिक वाहतुकीचा परवाना मिळाला. असा परवाना मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी.

२९ मार्च १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या आणि अँडरसनच्या मागच्या सीटवर बसून त्यांनी फेरी मारली. सुरक्षा रक्षकांचे चेहरे काय झाले असतील याची कल्पना करा. दक्षिणेकडच्या राज्यात गोऱ्या बाईने कृष्णवर्णीय माणसाच्या हाती जीव सोपवला होता. छायाचित्र देशभर गाजलं. या फेरीमुळेच वैमानिकांची योजना सुरू झाली असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. कृष्णवर्णीयांची ९९वी स्क्वाड्रन उभारण्याची घोषणा युद्ध खात्याने जानेवारीतच केली होती आणि २२ मार्चला ती कागदावर उभीही राहिली होती. त्यामागे कृष्णवर्णीय वृत्तपत्रांची मोहीम होती, १९४०ची निवडणूक होती आणि हॉवर्ड विद्यापीठातल्या यान्सी विल्यम्स या विद्यार्थ्याने युद्ध खात्याविरुद्ध लावलेला दावा होता. एलिनॉरबाईंच्या फेरीची मदत पैसा उभारायला झाली. त्या रोझेनवाल्ड निधीच्या विश्वस्त होत्या आणि त्या निधीने विमानतळासाठी १,७५,००० डॉलर कर्जाऊ दिले. बाईंचं धाडस मोठं होतंच, पण न्यायालयात गेलेल्या विद्यार्थ्याचं नाव सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

या पैशातून मोटन फील्ड उभं राहिलं. इन्स्टिट्यूटचे दुसरे प्राचार्य रॉबर्ट मोटन यांचं नाव त्याला दिलं. बांधकाम आर्ची अलेक्झांडर या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या कंपनीने केलं आणि हाताशी इन्स्टिट्यूटचे कामगार-विद्यार्थी होते. उतरायला गवताचं मैदान होतं. काही मैलांवर लष्कराचा मोठा तळ, टस्कीगी आर्मी एअर फील्ड, वेगाने बांधला जात होता. तेही काम मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीयांच्या कंपनीकडे होतं. पहिले धडे मोटन फील्डवर, पुढचे लष्करी तळावर, अशी विभागणी होती. मोटन फील्डवर शिकवणारे बहुतेक कृष्णवर्णीय नागरी शिक्षक होते, लष्करी तळावर गोरे अधिकारी. जुलै १९४१ मध्ये पहिल्या वर्गात १३ जण होते. ७ मार्च १९४२ रोजी वैमानिकाचे पंख (बिल्ला) मिळाले ते पाच जणांना. डेव्हिस त्यांत होते. बाकीचे चार जॉर्ज रॉबर्ट्स, चार्ल्स डीबो, मॅक रॉस आणि लेम्युएल कस्टिस.

इथे थोडं विमानाबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय तळ कळत नाही. मोटन फील्डवरचं विमान होतं स्टिअरमन, पीटी-१७. दोन मजली पंख, पंखांत लाकडी सांगाडा, वर कापड ताणून त्यावर डोप नावाचं रोगण मारलेलं. निळं अंग, पिवळे पंख. शिक्षक पुढच्या उघड्या खोबणीत, शिकणारा मागे. दोघांत एक रबरी नळी. शिक्षक तिच्यातून बोलतो ते विद्यार्थ्याच्या कानात जातं, विद्यार्थ्याला मात्र उलट बोलायची सोय नाही. इंजिन २२० अश्वशक्तीचं. ते सुरू करायला बॅटरीचा खटका नव्हता. मेकॅनिक विमानाच्या डाव्या अंगाला उभा राहून इंजिनाच्या कडेच्या भोकात लोखंडी हँडल घालायचा आणि फिरवायचा. आत एक जड चक्र असतं. ते आधी जागचं हलत नाही, मग कण्हत कण्हत फिरू लागतं, मग त्याचा आवाज चढत जातो. तो पुरेसा चढला की हँडल काढून घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. आतला माणूस चक्र इंजिनाला जोडतो, पंखा दोनदा अडखळतो, धूर निघतो आणि इंजिन धरतं. नाही धरलं तर पुन्हा पहिल्यापासून. अलाबामाच्या उन्हाळ्यात हे दिवसभर करणाऱ्या माणसांचे खांदे कसे झाले असतील ते मला सांगायला नको.

शिवाय स्टिअरमनची पुढची दोन चाकं जवळजवळ आहेत. उतरताना वारा आडवा आला आणि पाय जरा चुकला, की विमान जमिनीवरच गर्रकन वळतं आणि खालच्या पंखाचं टोक घासतं. शिकाऊ मुलांच्या हातून हे व्हायचंच. मग पंख उतरवायचा, लाकूड तपासायचं, कापड बदलायचं, डोप मारायचं, वाळवायचं. विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइनवर. प्रशिक्षण तळाचा खरा वेग वैमानिक ठरवत नाहीत, हँगर ठरवतो. हकीमपेटला हेच होतं, टस्कीगीला वेगळं असणं शक्य नाही.

लष्करी तळावर मुलं एटी-६ या विमानापर्यंत जायची. आपल्याकडे याच विमानाला हार्वर्ड म्हणत. भारतीय वायुदलाने सत्तरच्या दशकापर्यंत त्यावर वैमानिक घडवले. मी भरती झालो तेव्हा हार्वर्डवर हात काळे केलेले वॉरंट ऑफिसर आम्हाला शिकवायला होते. टस्कीगीत एटी-६चं चित्र दिसलं तेव्हा त्यांची आठवण झाली.

आता त्या वादाकडे येतो, जो हल्लीच्या गौरवगाथांत एका वाक्यात उरकला जातो. स्वतंत्र तळ हा विजय होता की अपमान?

विल्यम हॅस्टी हे त्या वेळी युद्धमंत्र्यांचे नागरी सल्लागार. स्वतः कृष्णवर्णीय, आधी न्यायाधीश होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हवाई दलाकडे देशभर प्रशिक्षण तळ आहेत. कृष्णवर्णीय मुलाला त्यांपैकी कुठेही का घेत नाही? त्याच्यासाठी अलाबामातच, तेही वेगळा, तळ कशाला? ‘एनएएसीपी’ ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना आणि अनेक कृष्णवर्णीय वृत्तपत्रं हॅस्टींच्या बाजूने होती. इन्स्टिट्यूटचे प्रमुख फ्रेडरिक पॅटरसन यांना तळ हवा होता. त्यांचा हिशेब असा की दार किलकिलं होतंय तेवढ्यात आत पाय ठेवावा.

हॅस्टींना भीती होती तसंच झालं. एकच तळ, त्यामुळे जागा मोजक्या, आणि पात्र मुलं महिनोन्‌महिने रांगेत. तळाचे दुसरे प्रमुख कर्नल फ्रेडरिक फॉन किंबल यांच्या काळात तळावर गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगवेगळ्या पाट्या लागल्या. ज्याला उद्या देशासाठी मरायला पाठवायचं त्याला आज जेवायला आणि पाणी प्यायला वेगळं बसवायचं. जानेवारी १९४३ मध्ये हॅस्टींनी राजीनामा दिला. त्याआधी काही आठवडे किंबल यांच्या जागी नोएल पॅरिश आले होते. तेही दक्षिणेकडचे गोरे, पण त्यांनी पाट्या काढल्या, मुलांना माणसासारखं वागवलं, आणि पुढे १९४७ मध्ये हवाई दलातली वेगळी पंगत मोडावी असं सांगणारा प्रबंधच लिहिला. ज्या माणसाने वेगळा तळ सर्वांत चांगला चालवला, त्यानेच असा तळ असू नये हा निष्कर्ष काढला. हॅस्टी बरोबर होते, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

मग पॅटरसन चुकले का? माझ्या मते नाही. ज्याच्यासमोर एकच दार आहे त्याने त्यातून जाणं ही चूक नसते. चूक दारं बंद करणाऱ्याची. पण टस्कीगीच्या यशाकडे बोट दाखवून ‘बघा, वेगळं ठेवूनही सगळं छान झालं’ असं सुचवणारे लोक आजही भेटतात. त्यांच्यासमोर हॅस्टींचा राजीनामा ठेवला पाहिजे. एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर टस्कीगीत शिकलेल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना अधिकाऱ्यांच्या क्लबात मज्जाव झाला. तरी ते आत गेले आणि त्यांना अटक झाली. वेगळेपणा मान्य करणाऱ्या नियमावर सही करायला १०१ जणांनी नकार दिला. युद्धकाळात वरिष्ठांचा हुकूम मोडण्याची शिक्षा काय असू शकते हे गणवेशात राहिलेल्या कुणालाही विचारा. या सह्या न करणाऱ्यांना मी जेट पाडणाऱ्यांच्या बरोबरीने मानतो.

आणि आता माझ्या लोकांकडे. १९४१ ते १९४६ या काळात टस्कीगीतून ९९२ वैमानिक बाहेर पडले. त्यांपैकी ३५५ लढायला परदेशी गेले. पण टस्कीगीच्या योजनेत एकूण माणसं होती १४ हजारांहून जास्त. मेकॅनिक, शस्त्रास्त्रवाले, रेडिओवाले, हवामानवाले, पॅराशूट घडी करणाऱ्या बायका, परिचारिका, आचारी, ट्रकचालक, कारकून. एका वैमानिकामागे दहाहून जास्त जण. आणि जी गोष्ट मला कुठल्याही सिनेमात दिसली नाही ती ही: ९९व्या स्क्वाड्रनचे जमिनीवरचे लोक वैमानिकांच्या आधी तयार होते. मार्च १९४१ मध्ये ही स्क्वाड्रन उभी राहिली ती टस्कीगीला नव्हे, इलिनॉयमधल्या शनूट फील्डवर. तिथे अडीचशेहून अधिक कृष्णवर्णीय जवान इंजिन, एअरफ्रेम, शस्त्रं यांचं काम शिकत होते. पहिल्या पाच वैमानिकांना पंख मिळाले ते त्यानंतर वर्षभराने. म्हणजे वर्षभर ही स्क्वाड्रन मेकॅनिकांचीच होती.

मोटन फील्डच्या पहिल्या हँगरमध्ये पॅराशूट घडी करण्याची जागा जपून ठेवली आहे. लांब, अरुंद टेबल. रेशमी कापड पूर्ण लांबीला पसरायचं, दोऱ्या एकमेकींत गुंतू न देता लावायच्या, घड्या दाबून हवा काढायची आणि पिशवीत बसवायचं. या कामात थोडं चुकलं असं काही नसतं. चूक झाली आहे हे कळतं तेव्हा माणूस हवेत असतो. माझा नातू शेजारच्या विमानाकडे धावला. मी त्या टेबलाजवळ थांबलो. तिथे काम करणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावं सुवर्णपदकाच्या भाषणांत आली?

वैमानिकांबद्दल एक दंतकथा आहे, तिचाही हिशेब व्हायला हवा. टस्कीगीच्या ३३२व्या फायटर ग्रुपने संरक्षण दिलेलं एकही बॉम्बर विमान शत्रूच्या विमानांनी पाडलं नाही, असं साठ वर्षं सांगितलं जात होतं. मार्च १९४५ मध्ये एका कृष्णवर्णीय वृत्तपत्रात हे छापून आलं आणि मग ते शाळेच्या पुस्तकांपासून सिनेमापर्यंत पोचलं. डॅनियल हॉलमन हे हवाई दलाचे इतिहासकार होते. टस्कीगीपासून तासाभरावर, माँटगोमेरीतल्या मॅक्सवेल तळावरच्या दप्तरात त्यांनी एकेका मोहिमेचे अहवाल आणि हरवलेल्या विमानांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या. २००६-०७च्या सुमारास निष्कर्ष बाहेर आला. या ग्रुपच्या संरक्षणाखालची २७ बॉम्बर विमानं शत्रूच्या विमानांनी पाडली होती. हा ग्रुप ज्या हवाई सेनेत होता, तिच्यातल्या इतर ग्रुपांची सरासरी होती ४६.

अनेकांना वाईट वाटलं. काही वृद्ध वैमानिकांना तर हा पुन्हा एकदा आपला मान हिरावण्याचा प्रकार वाटला, आणि त्यांना तसं का वाटलं हे समजण्यासारखं आहे. पण विमानाची फॉर्म ७०० ही वही आयुष्यभर भरलेला माणूस म्हणून मी हॉलमन यांच्या बाजूचा आहे. विमानात स्नॅग, म्हणजे बिघाड, असेल तर त्या वहीत स्नॅगच लिहायचा. कितीही मोठा अधिकारी विमान न्यायची घाई करत असो, नाही म्हणजे नाही. एकदा खोटं लिहिलं की पुढची सगळी पानं संशयाची होतात. सत्तावीस हा आकडा, इतर ग्रुपांच्या सेहेचाळिसाशेजारी ठेवला की, स्वतःच पुरेसा बोलतो. ज्यांना उडताच येणार नाही असा लष्कराचा अहवाल होता, त्यांनी इतरांपेक्षा चांगलं काम केलं. याच्यावर शून्याचा मुलामा कशाला हवा? आणि मुलामा दिला की विरोधकाला आयतं हत्यार मिळतं. तो एक खोटा आकडा दाखवतो आणि बाकी सगळं खोटं ठरवून मोकळा होतो.

युद्ध संपल्यावरची वर्षं तर गौरवगाथेत येतच नाहीत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला आणि पुढच्या वर्षी हवाई दलाने वेगळ्या तुकड्या मोडायला सुरुवात केली, एवढं सांगून पडदा पडतो. पण टस्कीगी गावात काय झालं? १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने या गावाची हद्द नव्याने आखली. चौकोनी गाव २८ बाजूंचं केलं. हेतू एकच, कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर जावेत. सुमारे चारशे मतदारांपैकी चार-पाचच आत राहिले, गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हद्द बेकायदा ठरवली. ज्या गावाने देशाला ९९२ वैमानिक दिले, त्या गावात ही गत.

आणखी एक गोष्ट वैद्यकीय क्षेत्रातल्या वाचकांना ठाऊक असेल. १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने टस्कीगी ज्या मेकन काउंटीत आहे तिथेच सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा ‘अभ्यास’ केला. त्यांतल्या ३९९ जणांना रोग होता. त्यांना तो सांगितला नाही, आणि पेनिसिलीन आल्यावरही ते दिलं नाही. पाहायचं होतं रोग पुढे काय करतो ते. म्हणजे स्टिअरमनच्या घिरट्या चालू होत्या त्या आकाशाखाली, त्याच सरकारचं दुसरं खातं त्याच समाजाच्या माणसांना मरू देत होतं. तळाचा इतिहास सांगताना हे सोडून दिलं तर एलिनॉरबाईंच्या छायाचित्रातला आनंद खोटा वाटू लागतो, आणि तो खोटा नव्हता.

हे सगळं परक्या देशाचं, आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. १९४१ हेच साल घ्या. टस्कीगीत पहिला वर्ग भरला त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्याआधी काय होतं? पिढ्यान्‌पिढ्या फौजेत असलेल्या, कोरेगावच्या विजयस्तंभावर नावं कोरलेल्या समाजाची भरती इंग्रजांनी १८९०च्या दशकात बंद केली. कारण ‘लढाऊ जाती’ नावाचा सिद्धांत. त्यामागेही शास्त्राचाच आव होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभारली आणि गरज संपताच मोडली. शेवटी डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळात बसून पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये दार उघडलं. वॉर कॉलेजचा अहवाल आणि लढाऊ जातींचा सिद्धांत एकाच वृत्तीची लेकरं आहेत. वेगळी तुकडी हा मान की अडसर, हा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच. मी सांबऱ्याला परेड करत होतो तेव्हा बेळगावचं हे महत्त्व मला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर टस्कीगीबद्दल वाचता वाचता ते कळलं.

मोटन फील्डची आजची स्थिती सांगतो. १९४६ मध्ये प्रशिक्षण बंद झालं. मोठा लष्करी तळ मोडला आणि आज तिथे पाहण्यासारखं जवळजवळ काही उरलेलं नाही. मोटन फील्ड गावाचा विमानतळ म्हणून चालू राहिलं, अजूनही आहे. दुसरा हँगर १९८९ मध्ये आगीत गेला. १९९८ मध्ये काँग्रेसने कायदा करून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केली, २००८ मध्ये पहिला हँगर लोकांसाठी उघडला आणि पुढे दुसराही पुन्हा उभारला. हे काम नॅशनल पार्क सर्व्हिसने नेटकं केलं आहे. चित्रफीत एका हुकमाने अभ्यासक्रमातून निघू शकते. हँगर, पॅराशूटचं टेबल, इंधनाची टाकी अशा वस्तू हलवणं इतकं सोपं नसतं. म्हणून जागा राखणं महत्त्वाचं.

अटलांटात आणि आसपास आता मराठी घरं पुष्कळ आहेत. आईवडील दरवर्षी सहा-सहा महिने राहून येतात, फिरायला न्यायचं कुठे हा मुलांना प्रश्न असतो. टस्कीगी तिथून गाडीने साधारण दोन तासांवर आहे आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. नातवंडांना घेऊन जा. लढाऊ विमान त्यांना दाखवा, पण आधी पहिल्या हँगरमध्ये न्या. तिथल्या कर्मचाऱ्यांना मेकॅनिकांबद्दल विचारा, पॅराशूटवाल्या बायकांबद्दल विचारा, हॅस्टींनी राजीनामा का दिला ते विचारा. त्यांना माहीत असतं आणि विचारलं की ते मनापासून सांगतात. निघण्याआधी उघडण्याचे दिवस आणि वेळ तेवढी पाहून घ्या.